मलयाळम साहित्यावरचा लेख सोप्या शब्दांत पुन्हा लिहायचा असेल तर

दोन वर्षांपूर्वी आमच्या वाचनालयाने भारतीय भाषांची ओळख करून देणारी छोटी पुस्तिका काढायचे ठरवले. आठवी ते दहावीच्या मुलांनी वाचावी अशी. माझ्या वाट्याला मलयाळम आली. हाताशी एक जुना मराठी लेख होता. माहितीने भरगच्च, पण भाषा अशी की ‘तत्पूर्वी’, ‘प्रभृती’, ‘अनुषंगाने’ यांतून वाट काढता काढता मूल दुसऱ्या परिच्छेदालाच थांबले असते. काम एका ओळीत सांगितले गेले: ‘अवघड शब्द काढा, सोपे घाला.’ चार संध्याकाळी पुरतील असे वाटले होते. सात आठवडे लागले, आणि पहिला खर्डा मला पूर्ण बाजूला ठेवावा लागला.

तो खर्डा का फसला हे कळल्यावर पुढचे काम नीट झाले. साहित्याच्या इतिहासावरच्या लेखात शब्दांचे दोन गट असतात. एका गटाला हात लावायचा नसतो, आणि दुसऱ्या गटातला शब्द बदलायचा तर वाक्यही बदलावे लागते. हे दोन गट वेगळे न करता समानार्थी शब्द शोधत बसलात तर लेख सोपा होत नाही, चुकीचा होतो. असे काम ज्यांच्याकडे पहिल्यांदाच आले आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

हाताशी काय काय हवे

- मूळ लेखाची छापील प्रत, दोन ओळींत अंतर ठेवून. पडद्यावर हे काम करू नका, डोळा शब्दांवरून घसरतो.
- लाल आणि निळी पेन्सिल.
- दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. मराठी शब्दाच्या सगळ्या अर्थच्छटा एका जागी मिळतात. मोल्सवर्थचा कोशही जवळ असू द्या. हे दोन्ही संगणकावर शोधता येतात.
- वा. गो. आपटे यांचा शब्दरत्नाकर किंवा जो मिळेल तो पर्यायी शब्दांचा कोश.
- नावांसाठी वेगळी वही.
- मलयाळम मातृभाषा असलेली एक व्यक्ती. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, कुठेही राहत असाल तरी शोधलेत तर सापडेल. माझ्या बाबतीत त्या शेजारच्याच निघाल्या. सगळी इमारत त्यांना चेची म्हणते, म्हणजे ताई.

१. लेख कोणाचा आहे ते आधी बघा

ही पायरी बहुतेक जण शेवटी ठेवतात, म्हणून मी पहिली लिहिते आहे. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षे लेखनाचा हक्क त्याच्याकडे किंवा त्याच्या वारसांकडे असतो. एकूण एक शब्द बदललात तरी मांडणी, क्रम आणि उदाहरणे त्याचीच राहतात. त्यामुळे लेखकाला किंवा प्रकाशकाला पत्र लिहा, कशासाठी हवे ते सांगा आणि परवानगी लेखी घ्या. आम्हाला पंधरा दिवसांत होकार आला. एकच अट होती, मूळ लेखकाचे नाव पहिल्याच पानावर द्यायचे.

काही विद्यार्थी प्रकल्प किंवा प्रबंध तपासणीत पकडला जाऊ नये म्हणून शब्द बदलून घेतात. त्या कामात मी मदत करत नाही आणि हा लेखही त्यासाठी नाही. दुसऱ्याचे विचार घेतले असतील तर त्याचे नाव लिहा. त्याने तुमचे काही कमी होत नाही.

२. वाचक कोण ते ठरवा

थोडक्यात सांगते. वाचक डोळ्यांसमोर नसेल तर ‘सोपा शब्द’ म्हणजे काय हेच ठरत नाही. नववीतल्या मुलीला ‘खंडकाव्य’ माहीत नसेल, पण बी.ए. मराठीच्या विद्यार्थ्याला तो शब्द काढून टाकलेला आवडणार नाही. ओळखीतली एक खरी व्यक्ती मनात धरा. मी माझ्या भाचीला धरले.

३. हात न लावायचे शब्द चौकटीत टाका

इथे घाई करू नका. लाल पेन्सिल घ्या आणि सगळा लेख चाळत पुढच्या प्रकारचे शब्द चौकटीत टाका. चौकटीतला शब्द बदलायचा नाही. फार तर शेजारी त्याचा अर्थ द्यायचा.

*ग्रंथांची नावे.* ऐकायला हे सोपे वाटते, पण मलयाळममधली कितीतरी नावे संस्कृतातून आलेली असल्याने ती मराठी शब्दांसारखीच दिसतात. कुमारन आशान यांचे १९२२ चे काव्य ‘दुरवस्था’. संगणकावरच्या शब्द बदलून देणाऱ्या एका साधनात मी तो परिच्छेद टाकून पाहिला, तर आशान यांनी ‘दयनीय स्थिती’ लिहिली असे उत्तर आले. वैक्कम मुहम्मद बशीर यांची १९४४ ची कादंबरी ‘बाल्यकालसखी’ तिथे ‘लहानपणीची मैत्रीण’ झाली. अर्थ म्हणून ठीक आहे, नाव म्हणून नाही. मुलगी उद्या ग्रंथालयात जाऊन ‘लहानपणीची मैत्रीण’ मागेल, तर तिला काय मिळणार?

उलटी फसगतही होते, आणि माझी तीच झाली. आशान यांचे गाजलेले काव्य आहे ‘वीण पूवु’, १९०७ चे. ‘पूवु’ म्हणजे फूल, एवढे मला ठाऊक होते. ‘वीण’ म्हणजे वीणाच असणार असे गृहीत धरून मी कंसात ‘वीणेचे फूल’ असा अर्थ लिहिला. चेचींना कागद दाखवला तेव्हा त्या काही न बोलता गॅलरीत गेल्या. जास्वंदीच्या कुंडीखाली पडलेले फूल उचलून आणले आणि माझ्या कागदावर ठेवले. ‘हे वीण पूवु,’ त्या म्हणाल्या. गळून पडलेले फूल. मलयाळममध्ये वीणा हे वाद्य आणि ‘पडलेले’ हा शब्द, दोन्ही सारखेच लिहितात, त्यामुळे कोशातूनही चकवा बसू शकतो. सगळे काव्य एका गळलेल्या फुलाकडे पाहून आयुष्याविषयी बोलते, आणि मी मुलांच्या हातात वीणा देणार होते. त्या दिवसापासून नावाचा अर्थ माणसाला विचारल्याशिवाय मी कंसात लिहीत नाही.

*काव्यप्रकार आणि कलाप्रकार.* पाट्टु, किळिप्पाट्टु, तुळ्ळल, आट्टक्कथा, मणिप्रवाळम, चंपू, संदेशकाव्य. हे शब्द म्हणजे खोल्यांवरच्या पाट्या आहेत, त्या उतरवल्या तर वाचक हरवतो. पाट्टु म्हणजे गाणे हे खरे, पण मलयाळमच्या इतिहासात पाट्टु ही जुन्या काव्याची एक परंपरा आहे. ‘रामचरितम’ त्याच परंपरेतले. प्रत्येक ठिकाणी ‘गाणे’ लिहिलेत तर परंपरा दिसेनाशी होते. किळिप्पाट्टुमध्ये कवी पोपटाला कथा सांगायला लावतो. सोळाव्या शतकात एऴुत्तच्छन यांनी अध्यात्म रामायण या प्रकारात आणले. त्याला ‘पोपटगीत’ म्हटले की बडबडगीताचा भास होतो. त्यापेक्षा पहिल्यांदा शब्द येईल तिथे एकच वाक्य घाला: ‘किळि म्हणजे पोपट, पोपटाच्या तोंडून सांगितलेले काव्य म्हणजे किळिप्पाट्टु.’ पुढे निर्धास्तपणे किळिप्पाट्टु लिहा. मुलांना नवा शब्द आवडतो. तो न समजावता टाकला तरच ती कंटाळतात.

तुळ्ळलचेही तसेच. अठराव्या शतकात कुंचन नंब्यार यांनी हा प्रकार नावारूपाला आणला. एकच कलावंत स्वतः गातो आणि नाचतो, पुराणातली गोष्ट सांगता सांगता समाजाला चिमटे काढतो. ‘नाच’ लिहिलेत तर काव्य निसटते, ‘विनोदी काव्य’ लिहिलेत तर नाच निसटतो.

मणिप्रवाळम या शब्दाने मला एक संध्याकाळ अडवले. संस्कृत आणि मलयाळम यांची सरमिसळ असलेली ही शैली. चौदाव्या शतकातला ‘लीलातिलकम’ हा ग्रंथ तिचे व्याकरण आणि काव्यशास्त्र सांगतो. मी उत्साहाने ‘मोती-पोवळ्यांची भाषा’ असे लिहून टाकले होते. पण इथे मणी म्हणजे माणिक. माणिकही लाल, पोवळेही लाल, एका दोऱ्यात ओवले की वेगळे दिसत नाहीत. दोन भाषा इतक्या एकजीव व्हाव्यात, हा त्या नावाचा सगळा अर्थ. मोती घातला की तो अर्थच नाहीसा होतो.

*समाजाचे शब्द.* सर्वांत जास्त धोका इथे आहे. तरवाड म्हणजे आईच्या बाजूने चालत आलेले नायर समाजाचे एकत्र घराणे. कारणवर म्हणजे त्या घराण्याचा कारभार पाहणारा वडीलधारा पुरुष, बहुधा मामा. मरुमक्कत्तायम म्हणजे वारसा आईकडून जाण्याची पद्धत. तरवाडला ‘वाडा’ आणि कारणवरला ‘आजोबा’ केलेत की बापाकडून मुलाकडे जाणारे आपले घर वाचकाच्या मनात उभे राहते, आणि मग कादंबऱ्यांतले सगळे ताण न कळणारे होतात.

आणि ‘संबंधम’. ‘इंदुलेखा’ कादंबरीत सूरी नंबूदिरी हा केरळी ब्राह्मण इंदुलेखाशी संबंधम करायला येतो आणि शिकलेली, स्वतःचे मत असलेली इंदुलेखा त्याला नकार देते. मराठी डोळ्याला ‘संबंध’ दिसतो, कोश ‘नाते’, ‘संपर्क’, ‘लागाबांधा’ असे पर्याय देतो. एका मसुद्यात मी ‘नाते जोडायला येतो’ असे वाचले आहे. संबंधम ही नायर स्त्रिया आणि नंबूदिरी किंवा नायर पुरुष यांच्यातली त्या काळची रूढ विवाहपद्धती होती, आणि तिच्यावर त्या वेळी केरळात कडाक्याचे वाद चालू होते. तो शब्द गेला तर इंदुलेखा कशाला नाही म्हणते तेच कळत नाही.

जातिवाचक शब्दांना तर अजिबात पर्याय शोधू नका. आशान ईऴव समाजातले. समाजसुधारक श्री नारायण गुरूंच्या शिष्यपरिवारातले आणि १९०३ मध्ये स्थापन झालेल्या श्री नारायण धर्म परिपालन योगम या संस्थेचे पहिले चिटणीस. जुन्या लेखांत या समाजाला ‘अवर्ण’, म्हणजे चार वर्णांबाहेरचा, म्हटलेले असते. आजचा शब्द म्हणून तिथे ‘दलित’ घालण्याचा मोह होतो. ईऴव समाजाने अस्पृश्यता सोसली हे खरेच, पण दलित आणि ईऴव हे एक नाहीत, आणि आजच्या सरकारी वर्गवारीतही ते वेगळे आहेत. ‘अवर्ण’ तसाच ठेवा आणि एका वाक्यात समजावून सांगा.

४. नावांची वही भरा

आपल्याकडे मलयाळम नावे इंग्रजी स्पेलिंगावरून येतात आणि तिथेच मोडतात. दोन गोष्टी लक्षात ठेवल्या तर निम्म्या चुका टळतात. एक, केरळात इंग्रजी टी-एच बहुतेक वेळा ‘त’साठी लिहितात. दोन, झेड-एच हा ‘झ’ नाही. तो ‘ऴ’ आहे, जीभ मागे वळवून उच्चारायचा, आपल्या ‘ळ’च्या जवळचा पण तोच नाही. म्हणून ‘थकाझी’ नाही, तकऴी. ‘एझुथाचन’ नाही, एऴुत्तच्छन. वृत्तपत्रातले कोझिकोड म्हणजे कोऴिक्कोड. छापखान्यात ‘ऴ’ नसेल तर ‘ळ’ वापरा, पण ‘झ’ नको. आपल्या भाषेत ‘ळ’ आहे हे आपले भाग्य, त्याचा उपयोग करून घ्या. भाषेचे नावही ‘मलयाळम’ लिहा. ‘मलयालम’ हिंदीतून आले आहे.

दुसरा सापळा पुनरुक्ती टाळण्याच्या हौसेतून येतो. ‘तकऴी शिवशंकर पिळ्ळै’ असे एकदा लिहिल्यावर दुसऱ्यांदा आपण सवयीने ‘पिळ्ळै’ लिहितो, जणू ते आडनाव. तकऴी हे गाव आहे, आलप्पुऴा जिल्ह्यातले, आणि मलयाळी वाचक या लेखकाला गावाच्या नावानेच ओळखतात. सी. व्ही. रामन पिळ्ळै हे वेगळेच, १८९१ च्या ‘मार्तंडवर्मा’चे लेखक. दोघांना ‘पिळ्ळै’ केलेत की वाचकाचा गोंधळ पक्का. वैक्कम मुहम्मद बशीर यांचे ‘वैक्कम’ही गाव. त्यांना ‘बशीर’ म्हणा. एम. टी. वासुदेवन नायर हे ‘एम. टी.’. ललितांबिका अंतर्जनम यांतले ‘अंतर्जनम’ हे नंबूदिरी स्त्रियांच्या नावापुढे येते, शब्दशः ‘आतली माणसे’. त्याचे भाषांतर करायचे नाही आणि आडनाव समजून ‘अंतर्जनम म्हणतात’ असेही लिहायचे नाही.

५. उरलेल्या शब्दांना पर्याय शोधा, पण अर्थ पाहून

आता निळी पेन्सिल. अवघड मराठी शब्दाखाली रेघ मारा, कोश उघडा, आणि इथे या लेखात त्याचा कोणता अर्थ आहे ते आधी समासात लिहा. मगच पर्याय. मला जे शब्द अडले ते तुम्हालाही अडतील.

‘प्रसिद्ध’. ‘इंदुलेखा १८८९ मध्ये प्रसिद्ध झाली’ म्हणजे छापून आली. ‘बशीर प्रसिद्ध झाले’ म्हणजे नावाजले. शोधा-बदला करून सगळीकडे ‘विख्यात’ घातलेत की सगळी पुस्तके जन्मतःच विख्यात होतात.

‘आधुनिक’. मलयाळम साहित्यात ‘इंदुलेखा’चे लेखक चंदुमेनोन आधुनिक आहेत आणि ओ. व्ही. विजयनही, पण एकाच अर्थाने नाहीत. पहिल्यांच्या बाबतीत मराठीत ‘अर्वाचीन’ म्हणतो तो अर्थ, इंग्रजी अंमलानंतरचा काळ. विजयन यांची ‘खसाक्किन्टे इतिहासम’ १९६९ ची, आणि तिच्याविषयी लिहिताना अभिप्रेत असते आधुनिकतावादी लेखन. मुलांसाठी पहिल्याला ‘नव्या काळातले’ आणि दुसऱ्याला ‘नव्या धर्तीचे’ असे मी केले. ‘नवीन’ किंवा ‘आजचे’ दोन्हीकडे चुकले असते.

‘प्रबोधन’. श्री नारायण गुरू आणि अय्यनकाळी या समाजसुधारकांच्या काळातल्या केरळातल्या जागृतीसाठी मूळ लेखात हा शब्द होता. कोश ‘पुनरुज्जीवन’ सुचवतो. महाराष्ट्राच्या इतिहासात ‘पुनरुज्जीवनवादी’ म्हणजे जुने परत आणू पाहणारे, सुधारकांच्या समोरच्या बाजूचे. हा पर्याय घेतलात तर नारायण गुरूंना तुम्ही नेमके विरोधी गोटात नेऊन बसवता. मी ‘समाजजागृती’ घेतला.

‘मच्छीमार’. तकऴींची ‘चेम्मीन’ ही १९५६ ची कादंबरी समुद्रकाठच्या मच्छीमारांची आहे. करुत्तम्मा, परीक्कुट्टी, पळनी ही तिच्यातली माणसे. आपल्या हाताला लगेच ‘कोळी’ शब्द येतो, कारण तो गोड आहे आणि घरचा आहे. पण कोळी हा आपल्या किनाऱ्यावरचा समाज आहे. चेम्मीनमधल्या माणसांचे रीतिरिवाज, समुद्राला कडलम्मा म्हणजे समुद्रआई मानणे, घरातल्या बाईच्या वागण्यावर दर्यावर गेलेल्या पुरुषाचा जीव अवलंबून आहे ही समजूत, हे त्यांचे आहे. ‘मच्छीमार’ शब्द सोपाच आहे, तो बदलायची गरजच नव्हती. पर्याय शोधायला बसले की सोपे शब्दही बदलत सुटायची खोड लागते, तिला आवर घाला.

‘बुडून मृत्यू’. आशान १९२४ च्या जानेवारीत पल्लना येथे बोट उलटून बुडाले. लेख शोभिवंत करायचा म्हणून कोणी ‘जलसमाधी घेतली’ लिहिले तर मराठी वाचकाला ते स्वतःहून गेले असे वाटेल. मृत्यूचे शब्द साधे ठेवा.

‘पुरस्कार’. ज्ञानपीठ हा पुरस्कारच. ‘बक्षीस’ शाळेतले, ‘पारितोषिक’ स्पर्धेतले. मलयाळमला हा पुरस्कार सहा वेळा मिळाला: १९६५ चा पहिलाच जी. शंकर कुरुप यांना, नंतर एस. के. पोट्टेक्काट, तकऴी, एम. टी., ओ. एन. व्ही. कुरुप आणि २०१९ चा अक्कित्तम यांना. ही यादी सांगताना दर वेळी वेगळे क्रियापद शोधायच्या भानगडीत पडू नका. ‘मिळाला’ सहा वेळा आला तरी कोणी रागावत नाही.

६. शब्द बदलला की वाक्य उकला

माझ्या पहिल्या खर्ड्याचे खरे दुखणे इथे होते. शब्द सोपे होते, वाक्ये जुनीच. नमुना म्हणून जुन्या धाटणीची तीन वाक्ये घेते:

‘मलयाळम साहित्यातील आद्य लक्षणयुक्त कादंबरी म्हणून ओ. चंदुमेनोन यांच्या १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंदुलेखा या कृतीचा निर्देश केला जातो. तत्पूर्वी १८८७ मध्ये अप्पु नेडुंगाडी यांची कुंदलता प्रसिद्ध झाली होती. तथापि तीत केरळीय समाजजीवनाचे चित्रण आढळत नाही.’

नुसते समानार्थी शब्द घातले की हे असे होते:

‘मलयाळम सामग्रीतील पहिली चिन्हयुक्त कहाणी म्हणून ओ. चंदुमेनोन यांच्या १८८९ मध्ये विख्यात झालेल्या इंदुलेखा या क्रियेचा इशारा केला जातो.’

साहित्याची सामग्री झाली, कृतीची क्रिया झाली, निर्देशाचा इशारा झाला. एकेक शब्द कोशात सापडतो, तरी वाक्याला अर्थ उरलेला नाही.

आता कागद उलटा ठेवा. ओळखीतल्या त्या मुलीला समोर बसवून सांगत आहात असे समजा, आणि मग लिहा:

‘मलयाळममधली खऱ्या अर्थाने पहिली कादंबरी कोणती? बहुतेक अभ्यासक “इंदुलेखा”चे नाव घेतात. ओ. चंदुमेनोन यांनी लिहिलेली ही कादंबरी १८८९ मध्ये छापून आली. तिच्या दोन वर्षे आधी, १८८७ मध्ये, अप्पु नेडुंगाडी यांची “कुंदलता” आली होती. पण तिच्यात केरळातल्या माणसांचे जगणे दिसत नाही.’

तिनाची पाच वाक्ये झाली, तरी वाचायला वेळ कमी लागतो. ‘निर्देश केला जातो’ गेले आणि अभ्यासक पुढे आले. नंतर कागद सरळ करून पडताळा: साल तेच, नाव तेच, दावा तेवढाच? ‘बहुतेक अभ्यासक’ हे शब्द मी मुद्दाम ठेवले. मूळ लेखक सावधपणे बोलला असेल तर सोपे करताना त्याचा सावधपणा पुसू नका. ‘मानले जाते’चे ‘आहे’ करणे ही सगळ्यात सहज होणारी आणि सगळ्यात उशिरा सापडणारी चूक.

७. लिंग आणि विभक्ती सांभाळा

मराठीत एक नाम बदलले की त्याच्या मागेपुढे चार शब्द हलतात. ‘ही कादंबरी गाजली, तिची भाषा साधी होती’ यात कादंबरीचा ग्रंथ केला की ‘हा ग्रंथ गाजला, त्याची भाषा’. काव्य नपुंसकलिंगी, कविता स्त्रीलिंगी. शतक नपुंसकलिंगी, शताब्दी स्त्रीलिंगी. प्रभाव पडला, पण छाप पडली. संगणकावर शोधा-बदला केले की ‘हे कविता’ आणि ‘त्याचा छाप’ असली वाक्ये उरतात, आणि ती डोळ्याला दिसतातच असे नाही.

परक्या ग्रंथनामांचे लिंग ठरवत बसू नका. ‘चेम्मीन गाजला की गाजली’ हा वाद ‘चेम्मीन ही कादंबरी गाजली’ असे लिहिले की मिटतो. स्त्रीलेखकांच्या बाबतीत मूळ लेखात ‘कवी बालामणी अम्मा’ असेल आणि तुमच्या पुस्तिकेत सगळीकडे ‘कवयित्री’ असेल, तर एकच पद्धत ठेवा.

८. आपल्याकडचे दाखले कुठे द्यायचे

मुलांना परके जवळ आणून द्यायचे तर दाखला उपयोगी पडतो, फक्त तो शब्दाच्या जागी बसवू नका, शेजारी बसवा. एम. टीं.च्या १९५८ च्या ‘नालुकेट्टु’ या कादंबरीच्या नावाचा अर्थ सांगताना मी लिहिले: ‘मध्ये अंगण आणि चारी बाजूंनी घर, आपल्या चौसोपी वाड्याची आठवण यावी असे.’ नाव नालुकेट्टुच राहिले. एऴुत्तच्छन यांच्या परिच्छेदात सांगितले की त्याच सोळाव्या शतकात पैठणला संत एकनाथ मराठीत भावार्थ रामायण लिहीत होते. वडक्कन पाट्टुकळ म्हणजे उत्तर केरळातली वीरगीते, त्यांत तच्चोळी ओतेनन, उण्णियार्चा यांच्या शौर्याच्या कथा येतात. तिथे ‘पोवाडा ऐकताना अंगावर काटा येतो तसा’ असे म्हटले, पण त्यांना पोवाडे म्हटले नाही. पोवाड्याला शाहीर असतो, डफ असतो, तुणतुणे असते. ती गाणी वेगळ्या गळ्यांतून आलेली आहेत.

एका पानावर एक दाखला पुरे. जास्त झाले की लेख मराठी साहित्यावरचा वाटू लागतो.

९. मोठ्याने वाचा आणि वाचून घ्या

तयार मजकूर स्वतः मोठ्याने वाचा. जिथे श्वास अडतो तिथे वाक्य लांब आहे. मग वाचकाच्या वयाच्या कोणाला तरी वाचायला द्या आणि गप्प बसा, मध्ये समजावू नका. भाची ‘खंडकाव्य’पाशी थांबली, ‘समाजजागृती’पाशी थांबली नाही. तेवढ्यावरून कुठे एक वाक्य वाढवायचे ते कळले.

शेवटी मलयाळम जाणणाऱ्या माणसाकडून नावे आणि अर्थ तपासून घ्या. त्यांना पूर्ण लेख वाचायला लावू नका. नावांची वही पुढे ठेवा आणि एकेक नाव त्यांच्या तोंडून ऐका. चेचींनी ‘वळ्ळत्तोळ’ म्हटले तेव्हा मला पहिल्यांदा कळले की त्या नावात ‘ल’ एकदाही नाही. ‘उळ्ळूर’ऐवजी मी ‘उल्लूर’ लिहिले होते. आशान, वळ्ळत्तोळ आणि उळ्ळूर ही मलयाळमची कवित्रयी, आणि तिघांपैकी दोघांची नावे माझ्या कागदावर चुकलेली होती. त्या संध्याकाळी अकरा नावे दुरुस्त झाली.

१०. छापण्याआधी

पहिल्या पानावर मूळ लेखाचे नाव, लेखकाचे नाव, ‘सुलभ मराठी रूप’ असे शब्द आणि त्याखाली तुमचे नाव. ‘लेखिका’ असे स्वतःला म्हणू नका. सालांचे आकडे एकदा मूळ प्रतीशी बोट ठेवून ताडा, कारण १८८७ आणि १८८९ टंकताना सहज उलटतात. चौकटीतले सगळे शब्द शेवटच्या प्रतीत शाबूत आहेत का ते लाल पेन्सिलीच्या प्रतीवरून मोजा. माझ्या लेखात चौकटी ७४ होत्या, शेवटच्या प्रतीत ७३ भरल्या. गायब झालेला शब्द ‘तुळ्ळल’ होता. मुद्रितशोधन करणाऱ्यांनी तो छपाईची चूक समजून ‘तुळस’ केला होता.